फॉल-पिको करून देऊ?

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात आईबरोबर बसले की एक क्षण हमखास यायचा. पांढऱ्या गादीवर पंचवीस-तीस साड्यांचा ढीग, समोर मांडी घालून बसलेले काका आणि आईच्या हातात शेवटी उरलेल्या दोन साड्या. एकीचा पदर चांगला, दुसरीचे काठ. बराच वेळ जायचा. मग आई एक साडी पुढे सरकवून म्हणायची, "ही द्या." काका लगेच काही बोलायचे नाहीत. शांतपणे साडीची घडी घालायचे, काठावरून एकदा हात फिरवायचे आणि पावतीपुस्तक ओढता ओढता सहज विचारायचे, "फॉल-पिको करून देऊ ना, ताई?"

आई हो म्हणायची. ती नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

हे वाक्य किती नेमकं आहे ते मला फार उशिरा कळलं. इंटरनेटवर पुस्तकं, गाणी, शिकवण्या, सॉफ्टवेअर कसं विकलं जातं याबद्दल वाचायला लागले, तेव्हा. काका आधी विचारत नसत. साडी ठरेपर्यंत फॉलचा विषयच निघायचा नाही, कारण तेव्हा आईचं मन काठ आणि पदर यांच्यात अडकलेलं असायचं. ते दुसरी साडी सुचवत नसत, याच साडीला लागणारी गोष्ट सुचवत. पिको म्हणजे सुट्या कडांची बारीक शिवण, आणि फॉल म्हणजे खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी. ती असली की निऱ्या जडपणे, सरळ पडतात आणि काठ पायात येऊन विरत नाही. त्याचे पैसे साडीच्या मानाने किरकोळ. उत्तर हो किंवा नाही, एवढंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईच्या डोक्यात तेव्हा नसलेली, पण साडी नेसायच्या सकाळी नक्की आठवली असती अशी गोष्ट त्यांना आधीच दिसलेली असायची.

धंद्याच्या भाषेत याला अपसेल म्हणतात. काटेकोर बोलायचं तर त्याच वस्तूची मोठी आवृत्ती सुचवली तर अपसेल आणि जोडीची वस्तू सुचवली तर क्रॉस-सेल. पण ऑनलाइन विकणारी मंडळी दोन्हीला सर्रास अपसेलच म्हणतात. पैसे भरायच्या पानावर "हेही जोडायचं का?" असं विचारणारी छोटी चौकट दिसते, तिला म्हणतात ऑर्डर बंप. काकांच्या त्या प्रश्नाचंच हे नवं रूप. फक्त इथे गादीही नाही आणि गिऱ्हाइकाचा चेहराही दिसत नाही.

आणखीही एक फरक आहे, आणि तिथूनच खरं नवल सुरू होतं. फॉल लावायला कुणीतरी बसावं लागतं. पट्टी लागते, दोरा लागतो, दोन दिवस लागतात. पीडीएफ पुस्तकाची पहिली प्रत तयार करायला सहा महिने लागले असतील, पण दुसरीला काहीच लागत नाही. दहा हजाराव्या प्रतीलाही नाही. हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातलं आश्चर्य बोथट झालंय. पण माणूस बाजार मांडायला लागला तेव्हापासून प्रत्येक किमतीला एक तळ असायचा: कापूस, मजुरी, भाडं, बैलांचा चारा. त्याखाली गेलं की धंदा बुडाला. डिजिटल वस्तूला तो तळच नाही. तिची किंमत टेकते ती फक्त घेणाऱ्याच्या मनातल्या मोलावर, आणि ते मोल माणसागणिक वेगळं.

यातून काय जादू होऊ शकते हे जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्यासमोरचा प्रश्न चित्रपटांचा होता. वितरक गाजलेल्या चित्रपटाबरोबर पडेल चित्रपटही का देतात, सुटे का विकत नाहीत? त्यांनी दोन चित्रपट घेतले, 'गॉन विथ द विंड' आणि आज कुणाला न आठवणारा 'गेटिंग गर्टीज गार्टर'. समजा, एक चित्रपटगृह पहिल्याला ८,००० डॉलर आणि दुसऱ्याला २,५०० द्यायला तयार आहे. दुसरं चित्रपटगृह ७,००० आणि ३,००० द्यायला तयार आहे. सुटे विकायचे आणि दोघांनीही दोन्ही घ्यावेत असं वाटत असेल, तर भाव ७,००० आणि २,५०० ठेवावे लागतात. एकूण हाती येतात १९,००० डॉलर. आता दोन्हींची जोडी करा. पहिल्याच्या मनात जोडीचं मोल १०,५००, दुसऱ्याच्या मनात १०,०००. जोडीचा भाव १०,००० ठेवला की दोघेही घेतात आणि हाती येतात २०,०००.

हजार डॉलर कुठून आले? चित्रपट तेच, गिऱ्हाइकं तीच. दोघांपैकी कुणीही आपल्या मनातल्या किमतीपेक्षा एक पैसाही जास्त दिला नाही. मी हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा कुठेतरी बेरीज चुकली असणार म्हणून पुन्हा मांडलं. चूक नव्हती. फराळाच्या डब्यात हेच होतं. कुणाला चकली प्रिय, कुणाला करंजी. सुट्या करंजीला चकलीप्रेमी फारसे पैसे देणार नाही. पण डबा घेताना एकाची आवड दुसऱ्याच्या नावडीची भरपाई करते, आणि डब्याचं मोल सगळ्यांच्या मनात जवळपास सारखं होतं. यानिस बाकोस आणि एरिक ब्रिनयॉल्फसन या संशोधकांनी १९९९ मध्ये हाच विचार डिजिटल वस्तूंना लावला. डब्यात जितके जिन्नस जास्त, तितकं माणसामाणसांतलं अंतर कमी होत जातं. जिन्नस घालायला खर्च नसेल तर डबा वाटेल तेवढा मोठा करता येतो. महिन्याच्या एका वर्गणीत कोट्यवधी गाणी मिळतात, त्यामागे हे गणित आहे.

म्हणून अपसेल सुधारायचा तर पहिला प्रश्न "किती सूट देऊ?" हा नसतो. जोडीला काय ठेवायचं, हा असतो. आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांपैकी मला सगळ्यात जास्त आवडतो तो ग्रेग लिंडन.

लिंडन हा अॅमेझॉनच्या सुरुवातीच्या काळातला प्रोग्रॅमर. त्याच्या मनात आलं: किराणा दुकानात पैसे द्यायच्या रांगेत गोळ्या-चॉकलेटं मांडलेली असतात, तसं कार्टच्या पानावर काही सुचवलं तर? पण एक फरक करून. रांगेतल्या सगळ्यांना तीच चॉकलेटं दिसतात. इथे प्रत्येकाच्या कार्टमधल्या वस्तू बघून वेगळं सुचवता येईल. त्याने नमुना तयार केला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने साफ विरोध केला. पैसे भरायला निघालेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे वळवलं तर तो काहीच न घेता निघून जाईल, हा त्याचा मुद्दा. मुद्दा वेडगळ नव्हता. आजही नवख्या विक्रेत्याला हीच भीती वाटते. लिंडनला त्यावर काम थांबवायला सांगितलं गेलं. त्याने तरीही चाचणी लावली. काही गिऱ्हाइकांना सूचना दिसतील, बाकीच्यांना दिसणार नाहीत. निकाल इतका एकतर्फी आला की ही सोय न देणं म्हणजे रोज पैसे सांडणं, हे सगळ्यांनाच दिसलं.

सूचना ठरवायची कशी, हे त्याहून सुंदर आहे. सहज सुचणारा मार्ग असा की माझ्यासारखी आवड असलेली माणसं शोधायची आणि त्यांनी काय घेतलं ते मला दाखवायचं. पण लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा अॅमेझॉनची गिऱ्हाइकं २ कोटी ९० लाखांवर गेली होती. प्रत्येक पान उघडताना एवढ्या माणसांत आपलं जुळं भावंड शोधणं शक्य नव्हतं. त्यांनी प्रश्नच उलटा केला. सारखी माणसं शोधायची नाहीत, सारख्या वस्तू शोधायच्या. कोणती दोन पुस्तकं एकाच माणसाच्या खरेदीत पुन्हा पुन्हा येतात, याची यादी आधीच, निवांतपणे करून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की त्याच्या कार्टमधलं पुस्तक यादीत बघायचं, बस. काकांना तीस वर्षांत कळलेलं असतं की अमुक साडीबरोबर बायका तमुक घेतात. ते शहाणपण कुणालाही काही न विचारता, नुसत्या पावत्या मोजून हाती आलं.

त्यातही एक खाच आहे. सगळ्यांच्या घरी असलेलं पुस्तक सगळ्याच वस्तूंबरोबर दिसतं. मीठ प्रत्येक किराणा यादीत असतं, म्हणून गव्हाच्या पिठाबरोबर मीठ सुचवण्यात शहाणपण नाही. नुसतं "किती वेळा बरोबर आलं" मोजून भागत नाही. "योगायोगाने आलं असतं त्यापेक्षा किती जास्त वेळा आलं" हे मोजावं लागतं. भरमसाट खरेदी करणारी मोजकी माणसं तर सगळ्याच वस्तू एकमेकींशी जोडून टाकतात. त्यांचाही हिशेब धरावा लागतो. लहान विक्रेत्याला यातलं यंत्र नको, पण नजर हवी. आपली सगळ्यात जास्त खपणारी वस्तूच सगळ्यांना पुढे करायची सवय फार विक्रेत्यांना असते, आणि बहुतेक वेळा ती मिठासारखी असते.

आता किमतीकडे वळू या. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नमन यांनी लोकांना विचारलं: तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर आणि १२५ डॉलरचं जाकीट घेताय. वीस मिनिटांवरच्या दुकानात कॅल्क्युलेटर ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल? ६८ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला किमतींची अदलाबदल करून विचारलं, म्हणजे पाच डॉलर वाचणार होते ते १२५ डॉलरच्या वस्तूवर. तेव्हा फक्त २९ टक्के हो म्हणाले. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. पैसा आपण एकटा मोजतच नाही, त्याला शेजारी कुणीतरी लागतो. फॉलचे पैसे साडीशेजारी लहान दिसतात, तेवढेच पैसे रुमालाशेजारी फार वाटले असते.

शेजाराचा दुसरा प्रयोग १९९२ मधला, इटामार सायमनसन आणि ट्वर्स्की यांचा. मिनोल्टा कंपनीचे दोन कॅमेरे, एक सुमारे १७० डॉलरचा, दुसरा २४० चा. निवड झाली निम्मी-निम्मी. मग तिसरा, ४७० डॉलरचा ठेवला. महागडा घेणारे निघाले २१ टक्के. पण मधल्याकडे ५७ टक्के वळले, आणि स्वस्ताकडे उरले २२. वरची पायरी दिसली की मधली पायरी "आपली" वाटायला लागते. डिजिटल वस्तूंच्या पानावर तीन रकाने दिसतात ते यामुळे. मला स्वतःला इथे एक अट घालावीशी वाटते. तिसरा रकाना खरा हवा. कुणालाच उपयोगी न पडणारी महागडी आवृत्ती शेतातल्या बुजगावण्यासारखी नुसती उभी करायची, हे चालतं, पण एकदाच. ज्याने खरंच सगळ्यात वरचा रकाना घेतला, त्याला आत रिकामं सापडलं की तो परत येत नाही, आणि तोच तर आपला सगळ्यात विश्वासू ग्राहक असतो.

आता मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त लुब्ध आहे तो अपसेल.

अॅपलचं आयट्यून्स दुकान २००३ मध्ये उघडलं. एक गाणं ९९ सेंटला. तोवर गाणं आवडलं तर बहुतेक वेळा अख्खा अल्बम घ्यावा लागायचा. इथे एकच गाणं घेता यायला लागलं. पण त्यातून एक अडचण तयार झाली. तुम्ही एका अल्बममधली तीन गाणी सुटी घेतली. ती फार आवडली. आता सगळा अल्बम हवासा वाटतो, पण त्याची किंमत ९ डॉलर ९९ सेंट, आणि त्यातली तीन गाणी तर तुमच्याकडे आहेतच. तीच गाणी दोनदा विकत घ्यायची? हात आखडतो. सगळ्यात जास्त आवड असलेल्या माणसालाच सगळ्यात जास्त खटकेल अशी ही रचना होती.

मार्च २००७ मध्ये अॅपलने 'कम्प्लीट माय अल्बम' सुरू केलं. तुम्ही घेतलेल्या गाण्यांचे पैसे अल्बमच्या किमतीतून वजा. तीन गाण्यांचे २ डॉलर ९७ सेंट गेले, उरले ७ डॉलर २ सेंट. मुदत १८० दिवस. वरवर बघता ही साधी वजावट वाटते. पण ती करायची तर दुकानाला आठवण हवी. या माणसाने कोणत्या दिवशी कोणतं गाणं घेतलं, ते कोणत्या अल्बममधलं, आता काय उरलं. आणि ती आठवण विक्रेत्याच्या बाजूने न वापरता गिऱ्हाइकाच्या पदरात टाकायची. आधी केलेली छोटी खरेदी वाया गेली नाही, ती पुढच्या पायरीचा पहिला हप्ता ठरली. खेळ विकणाऱ्या स्टीमवरही आता संच असे मिळतात: त्यातले जे खेळ तुमच्याकडे आहेत ते सोडून उरलेल्यांचेच पैसे, तेही सवलतीने. डिजिटल वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला हे आज करता येतं. छोटं पुस्तक घेतलेल्या माणसाला मोठा अभ्यासक्रम देताना पुस्तकाचे पैसे वजा करायचे. तरीही बहुतेक ठिकाणी जुन्या गिऱ्हाइकाला नव्याइतकीच किंमत दिसते आणि वर नव्यांसाठीची सूट त्याला मिळत नाही. हे मला फार चुकीचं वाटतं.

कधी विचारायचं, याचीही एक भूमिती आहे. पैसे भरल्यानंतर, आभाराच्या पानावर विचारायची पद्धत अमेरिकेत रुळलेली आहे. कार्डाचा तपशील साठवलेला असतो, एक बटण दाबलं की दुसरी खरेदी झाली. एका टिचकीत खरेदी करण्याचं पेटंट अॅमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये मिळालं होतं आणि ते २०१७ मध्ये संपलं, इतकी ती एक टिचकी मोलाची. तिथले धडे वाचून आपल्याकडचे विक्रेते तसंच करायला जातात आणि नवल करतात की कुणी घेत का नाही. कारण आपल्या खिशात आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची केली. त्यातून ओटीपी आला. यूपीआयला सहसा पिन लागतो. पैसे भरल्यानंतरची दुसरी खरेदी म्हणजे आपल्याकडे बहुधा पुन्हा ओटीपी, पुन्हा पिन, पुन्हा ते फिरणारं चक्र. ही सक्ती मला उत्तम वाटते, तिने कितीतरी लोकांचे पैसे वाचवलेत. पण तिचा अर्थ असा की इथे फॉल-पिको पावती फाडायच्या आधी विचारायचं. काकांचा हात पावतीपुस्तकाकडे निघालेला असायचा, पोचलेला नसायचा. तीच जागा.

दुसरी जागा खरेदीच्या खूप नंतरची, वस्तू वापरताना. 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी आला तेव्हा त्याच्या तीन भागांतला पहिला भाग फुकट वाटला होता. पुढचे दोन हवे असतील तर पैसे. तो प्रश्न पहिला भाग संपल्यावर यायचा, म्हणजे खेळणारा रात्रभर जागून, छाती धडधडत, शेवटच्या दारापाशी पोचलेला असताना. फोनबरोबर मिळणारी फुकटची क्लाउड साठवण भरते आणि नेमका त्याच क्षणी "आणखी जागा हवी?" असा प्रश्न येतो, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

हे सगळं एका वस्तूवर लावून बघू या. समजा, कुणी मोडी लिपी शिकवणारी पुस्तिका पीडीएफ रूपात २९९ रुपयांना विकतंय. अक्षरओळख, बाराखडी, सरावाची पानं. घेणारे कोण? घरात आजोबांची ट्रंक असलेले, त्यात जुने कागद सापडलेले. इतिहासाचे विद्यार्थी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत हे कळून हुरळलेले. आता यांना काय सुचवायचं? पटकन डोक्यात येतं ते म्हणजे सुलेखनाचे फॉन्ट, किंवा मराठ्यांच्या इतिहासावर बारा तासांचे व्हिडिओ. दोन्ही चांगली, पण ती दुसऱ्या साड्या आहेत. फॉल कोणता?

तो शोधायला शिकणाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं. तीन आठवड्यांत त्याला अक्षरं येतात. मग तो खरा कागद उघडतो. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आडवी रेघ आधी ओढून अक्षरं तिला लोंबकळवलेली, हात शक्यतो न उचलता लिहिलेली. तरी तो नेटाने लावत जातो, आणि एका ओळीशी येऊन अडकतो: "सुरु सन खमस सबैन मया व अलफ". प्रत्येक अक्षर वाचता आलं, अर्थ शून्य. पुस्तिका लिहिणाऱ्याला तो ईमेल करतो, "हे काय आहे?" आणि असे ईमेल दर आठवड्याला येतात.

ती तारीख आहे. अरबी आकडे अक्षरांत लिहिलेले: खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७५. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४ येतो. हे वर्ष मृगावर सुरू होत असल्यामुळे जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे, म्हणजे १७७५. ही किल्ली हातात पडली की ट्रंकेतला कागद एकदम एका वर्षात जाऊन उभा राहतो. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन वर्ष उलटलंय, सवाई माधवराव तान्हे आहेत, बारभाईंचा कारभार सुरू आहे, आणि त्या गदारोळात आपल्या गावातला कुणीतरी विहिरीच्या हिश्श्याबद्दल लिहितोय. सुहूर सनाचे आकडे, चंद्राच्या तारखेसाठी येणारा 'छ', मुसलमानी महिन्यांची नावं, नेहमीचे संक्षेप, आणि दहा कागदांचं ओळीओळीला बाळबोध लिप्यंतर. एवढं ९९ रुपयांना, पैसे भरायच्या पानावर, एका वाक्यात: "अक्षरं आल्यावर तारखांपाशी अडायला होतं, त्याची किल्ली बरोबर देऊ?" हा फॉल. तो शोधायला हुशारी लागली नाही, आलेले ईमेल वाचावे लागले.

पण आपल्याला वाटतं ते खरं का, हे तपासायचं कसं? अर्ध्या गिऱ्हाइकांना एक मांडणी, अर्ध्यांना दुसरी. इथे संख्याशास्त्र एक कठोर गोष्ट सांगतं. आज शंभरातले वीस जण किल्ली घेत असतील आणि नव्या मांडणीने तीस घेतील असं वाटत असेल, तर तो फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला दोन्ही बाजूंना सुमारे तीनशे-तीनशे गिऱ्हाइकं लागतात. शंभरातल्या पाचांचे सहा होतात का हे बघायचं तर दोन्ही बाजूंना सुमारे आठ-आठ हजार. फरक जितका बारीक, तितका तो योगायोगाच्या गोंगाटात बुडतो, आणि त्याला ऐकू यायला फार माणसं लागतात. महिन्याला दोनशे पुस्तिका विकणाऱ्याने बटणाचा रंग बदलून बघण्यात वर्षं घालवू नयेत. त्याने वस्तूच बदलून बघावी: किल्लीऐवजी लिप्यंतरित कागद, किंवा "तुमच्या घरचा एक कागद वाचून देऊ". मोठ्यांचेही अंदाज चुकतात. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना असे हजारो प्रयोग चालवणारे रॉनी कोहावी सांगत आलेत की तिथल्या जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनी खरी सुधारणा केली. बाकीच्यांनी काहीच केलं नाही, किंवा बिघडवलं.

आणि काही मांडण्या चाचणीत जिंकतात, तरी त्या करायच्या नसतात. आधीच खूण केलेली चौकट, न विचारता कार्टमध्ये पडलेली वस्तू, कधीच न संपणारं "शेवटची दहा मिनिटं" हे घड्याळ, विमा नको म्हणायचं तर "मी असुरक्षित राहीन" असं लिहिलेलं बटण. शेवटचं उदाहरण मी रचलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असंच उदाहरण दिलंय. या युक्त्यांनी त्या दिवशीचा आकडा वाढतो हे खरं आहे. पण आपल्याला विचारलंच गेलं नव्हतं, हे माणसाला बँकेचा मेसेज वाचताना कळतं. काकांनी फॉल न विचारता लावून पावतीत धरला असता, तर आई पुढच्या दिवाळीला त्या पायऱ्या चढली नसती.

मागच्या वर्षी मी त्याच दुकानात गेले होते. गादीवर आता काकांचा मुलगा बसतो. पावतीपुस्तकाच्या जागी संगणक आहे. वहिनीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी घ्यायची होती. बराच वेळ गेला, एक ठरली. त्याने घडी घातली, काठावरून हात फिरवला. मी मनातल्या मनात त्या वाक्याची वाट बघत होते. त्याने विचारलं, "घरची, का द्यायची?"

"द्यायची."

"मग फॉल राहू द्या, ताई. ब्लाउजपीस यातूनच कापायचाय, त्या त्यांच्या शिवणाऱ्या बाईंकडून सगळं एकदम करून घेतील. खोक्यात घालून देऊ?"